नवे भाग घेण्याआधी कोणता सिलिंडर मारत नाही, ते शोधा

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची, पेट्रोलवर चालणारी सँट्रो झिंग आहे. गाडी १ लाख १८ हजार किलोमीटर चालली आहे. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण नुकतेच दुसऱ्यांदा करून घेतले, त्यामुळे ती आणखी काही वर्षे वापरण्याचा माझा विचार होता. मे महिन्यात बुटीबोरीहून परत येताना रेडिएटरचा पंखा बंद पडला आणि तापमानाचा काटा लाल रेषेपर्यंत गेला. पंख्याची मोटर बदलल्यावर पुन्हा तसे झाले नाही. जुलैपासून मात्र सकाळी सुरू केल्यावर गाडी दोन-तीन मिनिटे थरथरते आणि मग शांत होते. शिवाय पावसाळी हवेत वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना चौथ्या गिअरमध्ये झटके मारते. इंजिनचा दिवा लागत नाही. एका मेकॅनिकने चारही प्लग बदलले, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ केले, तिसरा आता कॉइल आणि ईसीएम दोन्ही बदलावे लागतील म्हणतो. मुलगा म्हणतो, भंगारात काढ. नेमकी सुरुवात कुठून करावी?
एक निवृत्त शिक्षिका, मनीषनगर, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात तिघांनी केलेल्या आणि सुचवलेल्या कामांची यादी आहे, पण चार सिलिंडरपैकी कोणता मारत नाही, म्हणजे कोणत्यात पेट्रोल नीट पेटत नाही, हे तिघांपैकी एकानेही सांगितल्याचा उल्लेख नाही. मिसिंगच्या, म्हणजे सिलिंडर न मारण्याच्या, तक्रारीत पहिला प्रश्न हाच असायला हवा. तो न विचारता भाग बदलत गेले की दोष कधी योगायोगाने जातो, कधी दडून बसतो, आणि बदललेल्या भागांपैकी कोणता खरोखर खराब होता हे कधीच कळत नाही. म्हणून कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग) आणि ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) यांची खरेदी तूर्त थांबवावी, ही पहिली विनंती. त्यातही ईसीएम हा शेवटी हात लावायचा भाग आहे. त्याआधी तपासायच्या, जवळजवळ फुकटात होणाऱ्या पुष्कळ गोष्टी शिल्लक आहेत.

सिलिंडरमध्ये ठरलेल्या प्रमाणात हवा आणि पेट्रोल यावे लागते (वजनाने पाहिले तर १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा), ते मिश्रण पुरेशा दाबाने आवळले जावे लागते आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. यांपैकी एक जरी गोष्ट चुकली तरी त्या फेरीला तो सिलिंडर कामातून गेला, आणि उरलेले तिघे त्याचे ओझे ओढतात म्हणून गाडी थरथरते. चुकते काय, याचा पहिला अंदाज मात्र इंजिन उघडण्याआधीच, तक्रार केव्हा होते यावरून बांधता येतो. त्या दृष्टीने आपले पत्र मला तिन्ही मेकॅनिकांच्या निदानांपेक्षा अधिक उपयोगी वाटले.

आपण दोन तक्रारी लिहिल्या आहेत आणि त्या एकाच दोषाच्या आहेत, असे गृहीत धरू नये. पहिली, पुलाच्या चढावरची. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने चढताना ॲक्सिलरेटर बराच दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा जास्त शिरते आणि आतला दाब वाढतो. दाबाखालच्या वायूतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते. प्लगच्या वायरीचे रबर जागोजाग तडकलेले असेल, किंवा कॉइलच्या प्लास्टिकला केसासारखी भेग असेल, तर विजेला प्लगच्या टोकापेक्षा शेजारचे लोखंड जवळचे वाटते आणि ती तिकडे उडी मारते. हवा दमट असली की हे आणखी सोपे होते. त्यामुळे ‘पाऊस आणि चढ’ ही जोडी ऐकली की संशय पहिल्यांदा ठिणगीच्या बाजूला जातो, आणि वीस वर्षांच्या गाडीत त्यातही प्लगच्या वायरींकडे. आपल्या पत्रात प्लग बदलल्याचे आहे, वायरी बदलल्याचे किंवा तपासल्याचे कुठेच नाही.

दुसरी तक्रार सकाळच्या थरथरीची. रात्रभराच्या ओलाव्याने याच वायरी सकाळी त्रास देत असतील आणि इंजिनच्या उबेने दोन मिनिटांत कोरड्या होत असतील, हे शक्य आहे. पण आपण मे महिन्यात गाडी तापल्याचे लिहिले नसते तर मी एवढ्यावर थांबलो असतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे असताना पंखा बंद पडून काटा लाल रेषेला लागला, तर ॲल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) किंचित वाकू शकते आणि हेड व ब्लॉक (सिलिंडरांचा ठोकळा) यांच्यामधला सांधा बंद ठेवणारे गॅस्केट एखाद्या ठिकाणी कच्चे पडू शकते. असे गॅस्केट लगेच फुटतेच असे नाही. गाडी बंद केल्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) काही काळ दाबाखाली राहते, त्या दाबाने ते थेंबाथेंबाने एखाद्या सिलिंडरमध्ये झिरपते, आणि सकाळी सुरू करताच तो सिलिंडर ओला असल्यामुळे मारत नाही. दोन-तीन मिनिटांत पाणी वाफ होऊन निघून गेले की गाडी शांत. म्हणजे आपल्या सकाळच्या तक्रारीला दोन उत्तरे जुळतात, एक स्वस्त आणि एक महाग, आणि दोन्हींत लक्षण अगदी सारखेच दिसते.

या दोहोंतला फरक घरच्या घरी बराच कळतो. इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, कूलंटच्या पांढऱ्या बाटलीवर पातळीची रेघ मार्करने ओढून ठेवावी आणि आठवडाभर रोज त्याच वेळी पाहावी. थंड इंजिनवर रेडिएटरचे झाकण उघडून तिथली पातळीही पाहावी. गरम असताना ते झाकण कदापि उघडू नये, उकळते पाणी अंगावर येते. पातळी उतरत असेल आणि गाडीखाली ओल नसेल, तर पाणी आतच कुठेतरी जाते आहे. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून येणारा धूरही पाहावा. पावसाळ्यात पहिल्या मिनिटाला थोडी वाफ प्रत्येक गाडीतून निघते, तिची काळजी नको. पण दाट पांढरा, किंचित गोडसर वासाचा धूर गाडी गरम झाल्यावरही येत राहिला तर तो कूलंटचा. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ थर दिसला की अनेकजण लगेच ‘गॅस्केट गेले’ म्हणून मोकळे होतात. तसे म्हणण्याची घाई करू नये. धरमपेठेपर्यंत जाऊन परत येण्यासारख्या लहान फेऱ्या असल्या, तर दमट दिवसांत ऑइल नीट तापत नाही आणि झाकणाला असा थोडा थर निरोगी इंजिनातही धरतो. डिपस्टिकवरचे ऑइलही चहासारखे गढूळ दिसले तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

आणखी एक पुरावा आपल्या घरात बहुधा आधीच आहे. पीयूसीच्या जुन्या पावत्या काढाव्यात. पेट्रोल गाडीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडच्या शेजारी हायड्रोकार्बनचा आकडा असतो आणि तो न जळलेल्या पेट्रोलचा असतो. सिलिंडर मारत नसेल तर पेट्रोल तसेच बाहेर जाते आणि हा आकडा चढतो. मागच्या पावतीच्या तुलनेत आज तो किती आहे, हे थोडक्या पैशांत कळते.

गाडी थरथरत असताना करायची एक जुनी परीक्षा सांगतो. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यावी आणि सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन बोटे मागे धरावी. चारही सिलिंडर मारत असतील तर पट्टी एकसारखी बाहेर फडफडत राहते. एखादा चुकत असेल तर ठरावीक वेळाने तिचा ताल तुटतो, आणि कधीकधी ती क्षणभर उलट नळीकडे ओढली जाते. नियमित अंतराने होणारी अशी ओढ एकाच सिलिंडरचा दोष दाखवते, मग तो ठिणगीचा असो की नीट न मिटणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचा). अनियमित, कसाही तुटणारा ताल पेट्रोल किंवा हवेच्या दोषाकडे नेतो, कारण ते दोष सहसा सगळ्या सिलिंडरना वाटून येतात. आणि गाडी थरथरते आहे पण पट्टी एकसारखी फडफडते आहे असे दिसले, तर दोष इंजिनात नसून इंजिन ज्यांवर बसवलेले असते त्या रबरी माउंटिंगमध्ये असू शकतो. वीस वर्षांच्या गाडीत ते बसलेले असणे अगदी स्वाभाविक आहे.

वायरींसाठी अंधाराची परीक्षा सर्वांत खात्रीची. रात्री, दिवे मालवून, हँडब्रेक ओढून आणि गिअर न्यूट्रलला ठेवून बॉनेट उघडावे. कपड्यांना इस्त्री करताना वापरतो त्या फवाऱ्याने वायरींवर आणि कॉइलवर पाण्याचा अगदी बारीक तुषार मारावा आणि इंजिन चालू असताना लांबून पाहावे. वायर गळकी असेल तर निळसर ठिणग्या तिच्या अंगावरून ब्लॉककडे उडताना दिसतात, ‘टक् टक्’ असा आवाज येतो आणि त्याच वेळी इंजिनाचा सूर बिघडतो. हे काम मुलाला सोबत घेऊन करावे. ओढणी किंवा पदर पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून दूर ठेवावा आणि वायरींना हात लावू नये. तिथला दाब हजारो व्होल्टचा असतो, आणि घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्या व्यक्तीने जवळही उभे राहू नये.

आता गॅरेजचे काम. नेमका सिलिंडर शोधण्यासाठी आपल्याकडे सर्रास चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर उपटून पाहतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते चालून गेले. आपल्या गाडीत ते करू देऊ नये. मोकळ्या वायरीतली वीज वाट शोधत कॉइलला इजा करू शकते, शिवाय तेवढा वेळ त्या सिलिंडरचे पेट्रोल न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जात राहते. त्याऐवजी इंजेक्टरचा (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर एकेक करून काढावा. त्याने त्या सिलिंडरचे पेट्रोलच बंद होते, त्यामुळे दुसरे काही बिघडत नाही. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिनाची गती लगेच पडते आणि थरथर वाढते. ज्याचा कनेक्टर काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच मारत नव्हता. ही परीक्षा तक्रार चालू असतानाच करावी लागते. आपली गाडी सकाळीच थरथरते, म्हणून ती आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ती आपल्यासमोर थंड असतानाच सुरू करावी, असे ठरवून घ्यावे. दुपारी गरम गाडी नेली की ती शहाण्यासारखी चालते, ‘काही नाही, ठीक आहे’ हे उत्तर मिळते आणि मग अंदाजाने भाग बदलणे सुरू होते.

सिलिंडर सापडला की भाग विकत न घेता आपसांत बदलावेत. समजा दुसरा मारत नाही. त्याचा प्लग काढून चौथ्यात घालावा, चौथ्याचा दुसऱ्यात, आणि पुन्हा परीक्षा घ्यावी. मिसिंग चौथ्याकडे गेले तर प्लग दोषी, दुसऱ्यातच राहिले तर प्लग निर्दोष. मग वायरींची अदलाबदल, लांबी पुरत असेल तर. नसेल तर मल्टिमीटरने चारही वायरींचा रोध मोजावा. लांब वायरीचा थोडा जास्त, आखूडचा कमी असणारच, पण एखादीचा इतरांशी मेळच नसेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर ती आतून तुटली आहे. मग इंजेक्टर. दर वेळी एकच गोष्ट हलवावी आणि काय हलवले ते कागदावर लिहावे. प्लग, वायर आणि इंजेक्टर तिन्ही हलवूनही दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला, तर तो दोष बाहेरून बसवलेल्या भागांत नाही, इंजिनाच्या आत आहे किंवा त्या सिलिंडरकडे येणाऱ्या वायरिंगमध्ये आहे. या एका रीतीने जे कळते ते महागड्या स्कॅनरलाही पुष्कळदा सांगता येत नाही.

कॉइलबाबत एक गुंतागुंत आहे आणि ती आपल्या बाबतीत महत्त्वाची ठरू शकते. या गाडीत डिस्ट्रिब्यूटर (चार सिलिंडरना आळीपाळीने वीज वाटणारा भाग) नाही. कॉइलच्या एका ठोकळ्यात दोन कॉइल असतात. एक पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला एकाच वेळी ठिणगी देते, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याला. त्यामुळे पहिला आणि चौथा दोन्ही एकदम मंदावले तर कॉइलकडे बोट दाखवायला हरकत नाही, कारण हे दोघे शेजारी नाहीत आणि त्यांना जोडणारी गोष्ट कॉइल हीच आहे. दुसरा आणि तिसरा एकदम मंदावले तर मात्र सावध राहावे. ते एकाच कॉइलवर आहेत हे खरे, पण ते शेजारीही आहेत, आणि तापलेल्या इंजिनाचे गॅस्केट या दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर जाऊ शकते. तसे झाले तर दोघांचाही दाब एकमेकांत गळतो आणि दोन्ही एकदम मंदावतात. तिसऱ्या मेकॅनिकने हीच जोडी पाहून कॉइल बदला म्हटले असेल, तर त्याची शंका निराधार नाही. पण कॉम्प्रेशन (सिलिंडर मिश्रण किती दाबाने आवळतो ते) मोजल्याशिवाय ती पुरीही नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : एकाच कॉइलवरचे दोन प्लग एका साखळीत असल्यामुळे एका वायरीचा दोष कधीकधी जोडीदाराच्या अंगावरही दिसतो. म्हणूनच कॉइलवर खर्च करण्याआधी वायरींचा निकाल लावावा.

पहिल्या मेकॅनिकने बसवलेले नवे प्लग आता काही आठवडे चालले आहेत, म्हणजे ते बोलू लागले असतील. चारही काढून सिलिंडरच्या क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडायला सांगावे आणि स्वतः पाहावे. टोकाचा फिकट तपकिरी रंग चांगला. काळी, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे पेट्रोल येते आहे पण जळत नाही. ऑइलने माखलेला प्लग पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलची झीज सांगतो. आणि तीन प्लग तपकिरी असताना चौथा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर आनंद मानू नये. त्या सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या पाण्याची वाफ त्याला धुते आहे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. पांढऱ्या चिनी मातीच्या अंगावर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी उभी रेघ दिसली, तर वीज बाहेरच्या बाजूने पळते आहे. अशा वेळी प्लगसोबत वायरीचे रबरी टोपणही बदलावे, नाहीतर तीच रेघ नव्या प्लगवर पुन्हा उमटते. प्लगमधले अंतरही गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे मोजून घ्यावे, कारण डब्यातून काढलेला प्लग वाटेत आपटलेला असू शकतो. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. पक्के बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावेत.

कॉम्प्रेशनची चाचणी आपल्या बाबतीत टाळू नये, वायरींचा दोष सापडला तरीही. ती नीट करायची तर बॅटरी भरलेली हवी, चारही प्लग काढलेले हवेत, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडलेले हवेत, आणि स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. घाईत एकच प्लग काढून घेतलेला आकडा फसवतो. पुष्कळ पेट्रोल इंजिनांत हा दाब १५० ते १९० पीएसआयच्या दरम्यान येतो. पण खरे पाहायचे ते चार आकड्यांतले अंतर. सगळे सारखेच थोडे कमी असतील तर इंजिन वयाप्रमाणे झिजले आहे एवढेच; एखादा इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली असेल तर तिथे दोष आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सारखेच खाली असतील तर गॅस्केट. बारीक गळती मात्र या चाचणीत निसटते. म्हणून कूलंट कमी होत असेल तर चांगल्या गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी. सिलिंडरमधला धूर कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने तो द्रव पिवळा पडतो.

पेट्रोल आणि हवा यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आपल्या लक्षणांशी त्यांचा मेळ कमी बसतो. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि २००५ ची गाडी त्यासाठी आखलेली नव्हती. ऑक्सिजन सेन्सर ठीक असेल तर ईसीएम पेट्रोल थोडे वाढवून मिश्रण सांभाळते, पण जुने रबरी पाइप आणि टाकीतला जुना गाळ सुटून चोंदणारा फिल्टर यांकडे लक्ष ठेवावे लागते. इथेनॉल पाणी ओढते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पावसाळ्यात गाडी दिवसेंदिवस उभी राहत असेल तर थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करावी. पंप दुबळा असता तर चढावर झटके कोरड्या दिवसांतही आले असते आणि उन्हात वाढले असते. हवेच्या गळतीचे लक्षण उलटे : आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) गाडी थरथरते आणि रेस दिली की सुधारते. मॅनिफोल्डला (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांना) जोडलेले रबरी पाइप आपल्या उन्हाने कडक होऊन चिरतात, ते बोटांनी वाकवून पाहावेत. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची सवय धोक्याची आहे. तो पेट घेतो. साबणाच्या पाण्याने तेच काम होते.

इंजिनचा दिवा लागत नाही, म्हणून दोष नाही किंवा ईसीएमच गेले, असे दोन्ही निष्कर्ष चुकीचे. ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याच्या व्यवस्थेची) सक्ती आपल्याकडे २०१० पासून, तीही टप्प्याटप्प्याने आली. नव्या गाडीत स्कॅनर लावला की पी०३०२ सारखा कोड मिळतो, म्हणजे दुसरा सिलिंडर मारत नाही. का मारत नाही, हे तिथेही हातानेच शोधावे लागते. आपल्या पिढीच्या गाडीकडून एवढीही अपेक्षा धरू नये. ईसीएमवर शंका घ्यायचीच असेल तर आधी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली आहे का, बॅटरीवर गाडी चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट येतात का, आणि ज्या इंजेक्टरवर शंका आहे त्याच्या कनेक्टरपर्यंत सिग्नल पोहोचतो का, हे चाचणीच्या दिव्याने पाहावे. उंदरांनाही विसरू नये. पावसाळ्यात ते उबेला बॉनेटमध्ये येतात आणि वायरिंग कुरतडतात. मनीषनगरच्या मोकळ्या प्लॉटांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा उपद्रव चांगलाच ठाऊक आहे. कुरतडलेली एक वायर जोडून जो दोष जातो, त्यासाठी आख्खे ईसीएम बदलले गेलेले मी पाहिले आहे.

तोवर गाडी वापरायची तर जवळच्या कामापुरतीच, आणि कूलंट उतरत असेल तर तीही नको. सिलिंडर मारत नसताना पुलावर जोर देत राहिले तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळू शकते. मग पिकअप जातो, आणि एका दोषाचे दोन होतात. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचले असेल त्या दिवशी गाडी तिथून नेऊच नये. ओल्या वायरींवर ती पाण्यातच बंद पडेल.

राहिला मुलाचा प्रश्न. गाडी ठेवायची की काढायची, हे कॉम्प्रेशनचे चार आकडे हातात आल्यावर ठरवावे. आकडे सारखे असतील आणि कूलंट जागच्या जागी असेल, तर माझ्या मते प्लगच्या वायरींचा चांगला संच, आणि फार तर कॉइल, एवढ्यात काम भागेल. एवढ्यासाठी नुकतीच नूतनीकरण केलेली गाडी काढू नये. रिंग झिजल्याचे निघाले तर इंजिनच्या पूर्ण कामाचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहावा, आणि तिथे मुलाचे म्हणणे बरोबर ठरू शकते. गॅस्केट निघाले तर ते काम करण्यासारखे आहे, मात्र नुसते नवे गॅस्केट टाकून गाडी परत घेऊ नये. हेड उतरवल्यावर ते सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून तपासावे, वाकलेले असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्यावे आणि ते कुठे गळते का हे दाबाने पाहावे, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तेच गॅस्केट पुन्हा जाईल. आणि हेड उतरवायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो, म्हणून बेल्ट आणि त्याचा टेन्शनर त्याच वेळी नवे घालून घ्यावेत. त्यांची मजुरी वेगळी द्यावी लागत नाही.